डावखुरी भिंत

रविवार, सकाळचे सहा, लॉ कॉलेज चौक.
लालवानी आधीच हजर:
हेल्मेट, हातमोजे, हँडलवर फोन,
फोनमध्ये किलोमीटर मोजणारी एक बाई.
उईके आला मामेभावाची सायकल घेऊन,
कॅरिअरला अजून दुधाच्या कॅनचा आकडा.
माझी सायकल लेकीची, गुलाबी.
बास्केटमध्ये दोन संत्री
आणि पंक्चरचं सामान, जे मला वापरता येत नाही.

फुटाळ्याला थांबायचं नाही असं ठरलं होतं.
थांबलो.
पाण्यावर जानेवारीची वाफ.
एक म्हातारा तलावाकडे पाठ करून
डोळे मिटून जोरजोरात हसत होता,
बहुधा डॉक्टरनं सांगितलं असावं.

मग चढ. मी उतरून ढकलत गेले.
टेकडीवरच्या बागेत माळी पाइप ओढत होता,
आणि बंद पडलेल्या झुकझुक गाडीत
एक माकड बसलं होतं,
खिडकीजवळ, तिकीट काढल्यासारखं.
आम्ही त्याच्याकडे पाहिलं. त्यानं गाडी सुटायची वाट पाहिली.

बागेच्या मागच्या तारेत एक भोक आहे.
तिथून पुढं साग, पायवाट,
चाकाखाली पानांचे पापड,
आणि मग अचानक
तीन भिंती, एक चौकट.
दार नाही, छप्पर नाही, पाटी तर नाहीच.
आतमध्ये घाणेरीचं रान आणि कोणाची तरी एकच चप्पल.

"इंग्रजांचं असेल," लालवानी म्हणाला.
शेळ्या घेऊन चाललेली बाई म्हणाली,
"भोसल्याईचं होय. घोडे बांधत तिथं."
मांजा गुंडाळणाऱ्या पोरांनी सांगितलं, भुताचं.
मग आम्ही सगळे उईकेकडे पाहायला लागलो,
जणू आडनावाच्या खिशात
राजवाड्याची किल्ली असते.
"मले काय माहीत बाप्पा," तो म्हणाला.
"आपण मीटर वाचतो."

पण तो भिंतीजवळ गेला.
त्याचा बाप मिस्तरी होता.
चुन्यावरून बोट फिरवत राहिला बराच वेळ,
मीटरवरचा धुरकट आकडा वाचावा तसा.
मग म्हणाला,
"हा मिस्तरी डावखुरा होता न, मॅडम.
पाहा, थापी उलटी फिरली.
कोपऱ्याची वीट याच अंगानं तासली."

फोनमधली बाई म्हणाली,
तुम्ही थांबला आहात, पुढे सुरू करायचं का?
लालवानीनं तिचा आवाज बंद केला.

चौथीत ढोकेबाई
माझा डावा हात लाल रिबिनीनं बाकाला बांधायच्या.
गाठ सुंदर असायची, फुलपाखरासारखी.
आई म्हणायची, बाई चांगल्या आहेत,
नैवेद्य काय डाव्या हातानं वाढशील?
तेव्हापासून सही उजव्यानं, तीर्थ उजव्यानं,
लग्नात घास उजव्यानं.
भाजी तेवढी डाव्यानं चिरते,
स्वयंपाकघरात कोणी नसलं तर.

आणि इथं हा कोणी,
नाव नाही, गाव नाही, मजुरी किती तेही नाही,
उलटी थापी फिरवत
भिंत बांधून गेला,
आणि छप्पर गेलं, दार गेलं, मालक कोणता तेही विसरलं,
ती उभी आहे.
एका विटेत तीन बोटं उमटलेली, ओली असतानाची.
मी माझी ठेवून पाहिली.
बसली नाहीत. त्याची मोठी होती.
वीट माठासारखी गार.

परतताना पंक्चर, अर्थातच माझं.
उईके पाना घेऊन बसायला लागला,
म्हटलं द्या इकडे.
पहिल्यांदा टायर निसटलं, दुसऱ्यांदा बोट चेंगरलं,
तिसऱ्यांदा मी पाना डाव्या हातात घेतला.
लालवानी उगाच घड्याळ पाहत होता.
उईके संत्र सोलत होता, काही बोलला नाही,
फक्त फोडी माझ्या उजव्या हातावर ठेवत गेला,
तो रिकामा होता म्हणून.

पोहेवाल्यानं तर्री ओतली, वर चणे,
चमचा खोचला उजवीकडे.
मी प्लेट फिरवून घेतली.